भोरड्यांचा कोपरा

आमच्या गुणाअक्काला गावातले लोक वेडी म्हणायचे. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्यांतलं आता कोणी राहिलं नाही आणि मी अजून बसलेय, म्हणून खरं काय ते मीच सांगते.

गुणाबाई माझी थोरली जाऊ. माझे थोरले दीर ईश्वरप्पा, त्यांची बायको. माझा नवरा शिवलिंग धाकटा. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं, घरणी नदीच्या काठाला आमचं गाव. तेव्हा मोंगलाई होती. निजामाची शेवटची चार-पाच वर्षं उरली होती म्हणतात, पण ते आम्हाला कुठं ठाऊक? आम्हाला ठाऊक चूल, जनावरं आणि ज्वारी. अक्काचं तोंड लई फाटकं. माझंही काही शिवलेलं नव्हतं. सकाळी भाकरीच्या पिठावरून भांडायचो आणि दुपारी एका ताटात जेवायचो.

अक्काची पाच बाळंतपणं झाली, त्यातली एकटी रुद्राणी जगली. मला मूलबाळ नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्यानंच घात केला.

रुद्राणी पंधरा वर्षांची. लग्न झालेलं होतं, उदगीरकडं दिली होती, संक्रांत झाली की नांदायला पाठवायची होती. तिच्यासाठी लातूरच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या. पोरगी कामाला वाघीण, पण बोलायला कमी. आईनं कितीही तोंड सोडलं तरी खाली मान घालून हसायची. मला त्याचाच राग यायचा. मी म्हणायचे, अगं, एकदा तरी उलट बोल की!

थंडीत ज्वारीची राखण तिच्याकडं असायची. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून माळा बांधायचा, त्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि पाखरं उडवायची. पाखरं म्हणजे भोरड्या. काळ्या डोक्याची, गुलाबी अंगाची, साळुंकीएवढी. कुठल्या मुलखातून येतात देव जाणे, पण येतात त्या आभाळ भरून. कणसात दूध भरायला लागलं की उतरतात, आणि तुम्ही तंबाखू मळेपर्यंत तुकडाच्या तुकडा पोकळ करून जातात. त्यात त्या वर्षी सरकारात लेव्हीची ज्वारी घालायची होती. घालून उरेल ती आम्ही खायची. एकेका कणसावर जीव होता.

सगळ्या शिवारात राखणीचं ओरडणं एकच, ‘हाऽऽ हाऽऽ हुर्र्र!’ आमची रुद्राणी तेवढी वेगळी. ती गळा लांबवून ओरडायची, ‘चला गंऽऽ! चला गं बायांनोऽऽ!’ बांधापलीकडचा रामकिशन हसायचा. म्हणायचा, ‘काकू, तुमची पोरगी पाखरं हाकलून राहिली का जेवायला बोलवून राहिली?’ आम्हीही हसायचो. अक्का म्हणायची, ‘सासरी जाऊन अशीच बोलवत बस म्हणावं, घर धुऊन नेतील.’

आता माझ्या पापाचं सांगते.

पौष लागला होता. मी वैरणीला शेतात गेले. पाहते तर विहिरीकडच्या कोपऱ्यात भोरड्या बसल्यात, कणसं वाकवून निवांत खाताहेत, आणि ही पोर माळ्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. गोफण मांडीवर. मी काही हाक मारली नाही. विचारलं नाही, की बाई, काय होतंय तुला. वैरण घेतली आणि घरी आले. रात्री जेवताना अक्का सवयीनं लेकीचं कौतुक करायला लागली, की माझी पोर आहे म्हणून पीक आहे. मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हटलं, ‘पोर झोपती माळ्यावर. विहिरीकडचा कोपरा पोकळ झालाय, जाऊन बघ जा.’

खोटं कशाला सांगू? सांगताना मला बरं वाटलं.

सकाळी अक्कानं कोपरा जाऊन पाहिला. ज्वारीच्या चाळीस-पन्नास ताटांत दाणा नव्हता. ती आली ती तोंड सोडतच आली. रुद्राणी चुलीपुढं बसली होती, म्हणाली, ‘अव्वा, अंग कणकण करून राहिलंय. आज काकूला पाठव की.’ अक्का म्हणाली, ‘झोपायला माळा गावला, आता घरीबी झोपायचंय व्हय? लेव्हीला काय तुझी हाडं घालू?’ पोरीनं उलट शब्द काढला नाही. गोफण उचलली आणि गेली. बांधून दिलेली भाकरी फळीवर तशीच राहिली. मी तिथंच ताक घुसळत होते. मी उठले नाही.

दुपारी रामकिशननं तिला पाठीवर घालून आणलं. ताप मस्तकात गेला होता. दुसऱ्या रात्री उदगीरहून हकिमाला आणायला शिवलिंग बैलगाडी घेऊन निघाला, तो अर्ध्या वाटेवर असेल-नसेल, तोच तिसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी पोर गेली. तीन दिवसांत आईशी एक शब्द बोलली नाही. बोलायची शुद्धच नव्हती तिला, पण आईच्या मनाला हे कोण पटवणार?

आमच्यात जाळत नाहीत. लिंगायत आम्ही, बसवून पुरतो, ज्याच्या त्याच्या शेतात. अंघोळ मी घातली. अक्का भिंतीला डोकं लावून बसली होती, तिच्यानं उठवेना. गडीमाणसं जागा बघायला गेली. कुठं खणायचं? उभं पीक मोडायचं जिवावर येतं, दुःख कितीही असो. शेवटी ईश्वरप्पा भावजी म्हणाले, ‘विहिरीकडचा कोपरा बघा. तिथली ज्वारी तशीबी पाखरानं खाल्लीय.’ तिथंच खणलं. हिरव्या बांगड्या घालून तिला तिथंच बसवली.

आमचे जंगम अय्या आले, मंत्र झाले, म्हणाले, पोर शिवात मिळाली, लिंगैक्य झाली, आता रडायचं नाही. अक्का त्यांच्यासमोर रडली नाही. नंतरही रडली नाही. तिला एकच खूळ लागलं. कामात असो, नसो, मधेच थांबायची आणि म्हणायची, ‘कस्तुरे, रागावून गेली का गं ती?’ मी म्हणायचे, ‘न्हाई गं अक्का.’ ती विचारायची, ‘तुला कसं ठाव?’ मी उठून चुलीकडं जायचे.

त्याच आठवड्यात रामकिशनची म्हातारी आई वारली होती. त्यांच्यात दहाव्याला पिंड ठेवतात. नदीकाठी त्यांचा कावळा शिवला, ते आम्ही शेतातून पाहिलं. रामकिशन मोकळ्या मनानं घरी निघाला. अक्का त्याला बांधावर आडवी गेली आणि म्हणाली, ‘तुमचं बरं हाय रे बाबा. तुमचा कावळा येऊन सांगतो तरी. आमच्यात कोण येतं सांगायला?’ रामकिशन बिचारा पागोटं काढून उभा राहिला.

पोरगी गेली म्हणून भोरड्या थांबतात का? अक्का म्हणाली, राखणीला मीच जाणार. तिला कोणी अडवलं नाही. भाकरी घेऊन मी जायचे तेव्हा पाहायचे. ही बाई राखण करत नव्हती, वैर काढत होती. भोरड्या सारख्या त्या कोपऱ्यात उतरायच्या, थेट समाधीच्या मातीवर. अक्का ओरडायची, ‘खाऊन टाकलंत माझ्या पोरीला, आता तिच्या उरावर नाचता व्हय गं रांडांनो!’ आणि दगड सोडायची. कोपऱ्यातून उठलेल्या भोरड्या सगळ्या पिकावर फाकायच्या. तिकडून उठवल्या की आणखी तिसरीकडं. आठ दिवसांत शेतभर कणसं पोकळ दिसायला लागली. भावजी एका संध्याकाळी ओसरीवर बसून आपल्याशीच बोलल्यासारखं बोलले, ‘पोरगी होती तवर एका कोपऱ्यातच खात होती. आता समदीकडं पडलीत.’ मी आत ताटं घासत होते. ऐकलं, पण डोक्यात उजेड पडला नाही.

रामकिशनच्या कावळ्याला तीन-चार दिवस झाले असतील. मी भाकरी घेऊन गेले, अक्का माळ्यावर होती. हात खांद्यातून गेला होता, गोफण उचलत नव्हती. घसा बसलेला. समोर भोरड्या उतरल्या, पिकाच्या ऐन मध्यावर. अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिचं काय झालं कोण जाणे, ती लेकीच्या बोलीत ओरडली. हाकलायला नव्हे हो. लेकीची आठवण येऊन, रडून ओरडली, ‘चला गंऽऽ! चला गं बायांनोऽऽ!’

सगळा थवा उठला. एकच भर्रकन आवाज झाला, आभाळात वळला आणि सरळ विहिरीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला. एक पाखरू दुसरीकडं गेलं नाही.

अक्का तशीच उभी राहिली. मीही डोक्यावर टोपली घेऊन उभी. थोड्या वेळानं काही भोरड्या पुन्हा पिकात घुसल्या. अक्कानं पुन्हा तीच हाक दिली. पुन्हा उठल्या आणि कोपऱ्यात. अक्का खालच्या आवाजात मला म्हणाली, ‘तू ओरड.’ मी ‘हाऽऽ हाऽऽ’ केलं. आई गं! चहूकडं फाकल्या. अक्कानं मग लेकीच्या बोलीत ओरडून त्या सगळ्या गोळा करून कोपऱ्यात आणल्या.

तेव्हा आम्हाला दोघींना कळलं. पोरीनं सगळ्या शेतात गोफण चालवली होती आणि तेवढ्या कोपऱ्यात एक दगड टाकला नव्हता. हाक ऐकली की तिकडं जायचं, तिथं कोणी मारत नाही, हे महिनाभरात त्या पाखरांना तिनं शिकवलं होतं. एक कोपरा देऊन सगळं शेत राखलं होतं. आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अक्कानं चाळीस ताटंसुद्धा सोडली नसती, हे तिला ठाऊक होतं.

अक्का माळ्यावरून खाली घसरली आणि ढेकळांत बसली. म्हणाली, ‘कस्तुरे, झोपत नव्हती गं माझी लेक.’ आणि मग रडली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. तिला पोटाशी धरायचं सोडून मी भाकरीच्या टोपलीशी चाळा करत उभी राहिले. झोपते म्हणून कोणी सांगितलं होतं, ते तिला ठाऊक होतं आणि मलाही. ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. एरवी पिठावरून माझे सात पिढ्यांचे वाडवडील काढणारी बाई! बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून अक्का रोज जाऊन बसायची. सकाळी हाक देऊन भोरड्या कोपऱ्यात न्यायची आणि समाधीपाशी त्यांच्यात बसून राहायची. त्या तिच्यापासून चार हात अंतरावर उरलीसुरली कणसं खायच्या, भांडायच्या, कलकलाट करायच्या. अक्का म्हणायची, ‘रुद्रा बोलायची कमी, तिच्या वाट्याचं ह्या बोलून राहिल्यात.’ रात्री तिला झोप यायला लागली. सुगीला कापणारी माणसं आली, तेव्हा भावजी आपणहून म्हणाले, ‘त्यो तुकडा ऱ्हाऊ द्या.’ लोक म्हणाले, लेकीच्या दुःखानं ईश्वरप्पाची बायको खुळी झाली, नवराही झाला. आम्ही ऐकून घेतलं.

चैत्र सरत आला आणि एका सकाळी भोरड्या गेल्या. नेहमी जातातच की! पण अक्कानं अंथरूण धरलं. मी समजावलं, ‘अगं, थंडी पडली की येतील.’ ती म्हणाली, ‘येतील. पण वळखतील का?’ उन्हाळा गेला, पाऊस गेला, पेरणी झाली. विहिरीकडचा कोपराही पेरला, पण तो राखायचा नाही, पाखरांना सोडायचा म्हणून. मार्गशीर्षात कणसं बाहेर पडली आणि एका दुपारी आभाळ काळं-गुलाबी होऊन भोरड्या उतरल्या. अक्का हातातलं सूप टाकून शेताकडं पळाली. मी तिच्यामागं. ती माळ्यावर चढली, पदर खोचला आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, ‘चला गंऽऽ! चला गं बायांनोऽऽ!’

भोरड्या उठल्या आणि फुटल्या. काही नदीकडं, काही रामकिशनच्या शेतात, काही परत आमच्या मध्यावर. कोपऱ्यात एक नाही गेली. तिनं पुन्हा पुन्हा हाक दिली. शेवटी खाली उतरली आणि म्हणाली, ‘न्हाई वळखत. गेली ती. रागावूनच गेली.’ घरी आली, भिंतीकडं तोंड करून पडली. भाकरी नको, पाणी नको. अंगात ताप भरला. भावजींच्या समोर मी कधी बोलत नसे, त्या दिवशी पदराआडून बोलले, ‘राखणीला मी जाते.’

मी गेले. कधी गोफण धरली नव्हती मी. पहिल्या दिवशी दगड माझ्याच माळ्याच्या मेढीवर बसला. रामकिशन बांधावरून म्हणाला, ‘काकू, आम्ही वाड्यात जाऊन बसू का?’ म्हटलं, ‘बस जाऊन, मेल्या!’ पण सोडलं नाही. दिवस उगवायच्या आधी जायचं, दिवस बुडाल्यावर यायचं. सगळ्या शेतात दगड घालायचा, हाक द्यायची, ‘चला गं बायांनो,’ आणि कोपऱ्याकडं हातसुद्धा उगारायचा नाही. माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं. रुद्राणीसारखा गळा लांबवायला गेले की खोकला यायचा. कोपऱ्यात चार पाखरं गेली तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मनात म्हणायचे, पोरी, माझ्यासाठी नको, तुझ्या आईसाठी तरी वळव ह्यांना. तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी हाक दिली आणि सगळा थवा वळून कोपऱ्यात बसला. मी पुन्हा उठवला, पुन्हा बसला.

तशीच घरी गेले. अक्काला उठवलं, तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि तिला धरून शेतात आणली. तिचं अंग पार गळालं होतं. म्हटलं, ‘अक्का, एकदा हाक मार.’ ती म्हणाली, ‘कशाला?’ म्हटलं, ‘माझ्यासाठी मार.’

तिनं खालूनच हाक दिली. आवाज कसला, नुसता श्वास होता. पण भोरड्या उठल्या, आमच्या डोक्यांवरून गेल्या आणि समाधीवर, भोवतीच्या ताटांवर जाऊन बसल्या.

अक्का लहान पोरीसारखी हसली हो. वर्षभरात पाहिलं नव्हतं ते हसू. मी मनाशी ठरवलं होतं, हे कधी सांगायचं नाही. माझ्या बोलण्यानं तिची लेक गेली, आता माझ्या गप्प बसण्यानं तिला थोडी परत मिळू दे. पण अक्कानं आनंदानं माझा हात धरला आणि धरलेला हात तिला खरखरीत लागला. तिनं तो उलटा करून पाहिला. गोफणीच्या दोरीनं दोन बोटं सोलून लाल झाली होती.

तिनं त्या बोटांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, ‘ह्यांना तू शिकवलंस व्हय गं?’

माझा बांध फुटला. म्हटलं, ‘अक्का, ती झोपती म्हणून मीच सांगितलं होतं. मला तुझा हेवा वाटायचा. मी सांगितलं नसतं तर...’

‘तू सांगितलंस,’ अक्का म्हणाली, ‘आन् मी ऐकलं. माझी लेक व्हती, मी इचारायला पायजे व्हतं.’ माझा हात तिनं सोडला नाही. कोपऱ्यात कलकलाट चालला होता, तिकडं पाहत म्हणाली, ‘महिनाभर तिनं असंच केलं असंल न्हाई? तिचीबी बोटं अशीच सोलली असतील. आन् मी तिचा हात एकदाबी उघडून बघितला न्हाई.’

मी तिला अंघोळ घातली होती. उजव्या हाताची दोन बोटं सोललेली होती, त्यावर चिंधी बांधलेली होती. ती चिंधी मीच सोडून टाकली होती आणि वर्षभर त्या गोष्टीचा विचार केला नव्हता.

‘सोलली होती, अक्का,’ मी म्हटलं. ‘मी बघितलीत.’

अक्कानं मान हलवली. मग पदराची एक पट्टी टर्रकन फाडली, माझी दोन्ही बोटं घट्ट बांधली, आणि आम्ही दोघी समाधीपाशी जाऊन बसलो.